ओटीतल्या गोळ्या

अक्का टेबलापलीकडे कधी बसल्या नाहीत. बाई आत आली की टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारीच येऊन बसायच्या. मला म्हणायच्या, "समोरनं बोललं की साहेब वाटतो. शेजारनं बोललं की बहीण वाटती."

सोलापुरातल्या आमच्या प्रसूतिगृहात त्या समुपदेशक होत्या. मी शेजारच्या खोलीत रक्त तपासायचे. नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्हीची तपासणी होते. बहुतेकींना काही निघत नाही, त्या हसत घरी जातात. पण एखादीचं रक्त पुन्हा पुन्हा तपासूनही लागण आहे असंच येतं. अशा वेळी मी नुसती दारात जाऊन उभी राहायचे. अक्का माझ्या चेहऱ्यावरून ओळखायच्या.

एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणाऱ्या एका तरुणाची बायको अशीच निघाली. पहिलटकरीण, वीस-एकवीसची. नवऱ्यालाही बोलावून तपासलं, तोही तसाच. अक्कांनी दोघांना समजावलं, की गोळ्या रोज घेतल्या तर बाळाला लागण व्हायची भीती फार कमी राहते. पोरगी गोळ्या घेऊ लागली. सातव्या महिन्यात मात्र यायची थांबली. नवरा येऊन मान खाली घालून म्हणाला, डोहाळजेवणाला माहेरी सांगोल्याकडं गेलीय, डबी खोलीवरच राहिली. घरात कुणाला कळेल म्हणून मुद्दामच ठेवून गेली असणार.

नवऱ्याकडून पत्ता घेऊन रविवारी अक्का एसटीनं निघाल्या, सोबतीला मला घेतलं. अंगणात बायकांची ही गर्दी. आम्हाला पाहून पोरीचा चेहरा पांढरा पडला. अक्कांनी सगळ्यांना सांगितलं, मी हिच्या सोलापूरच्या खोलीशेजारची. मग पंगतीला बसून पुरणपोळी मागून घेतली, आमटीचं कौतुक केलं. ओटी भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी पिशवीतून नारळ, तांदूळ आणि घडी घातलेला खण काढला. खणाच्या घडीत गोळ्या होत्या. ओटी भरताना त्या तिच्या कानाशी वाकल्या. पोरीनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"काय सांगितलं गं कानात?" एका म्हातारीनं विचारलं.

"पेढा न्हाय, बर्फी हाय म्हटलं," अक्का म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

परतताना एसटी थांब्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या वेळेला कुणी तपासलंच न्हाय." अक्कांनाही तोच आजार होता, हे मला माहीत होतं. त्यांना मुलगी होती आणि ती लहानपणीच गेली, हे मात्र त्या दिवशी कळलं.

त्या पोरीला खरंच मुलगी झाली. बाळाची शेवटची तपासणी दीड वर्षानं होते. तोवर अक्कांच्या किडन्या थकल्या होत्या, नोकरी सोडून त्या जेऊरला भावाकडे राहायला गेल्या होत्या. निकाल आला तेव्हा पोरीनंच मला सांगितलं, "अक्कांना तुमी सोता जाऊन सांगा."

मी रेल्वेनं जेऊरला गेले. अक्का पडवीत खाटेवर होत्या, अगदी वाळलेल्या. मी म्हटलं, "अक्का, त्या पोरीची मुलगी बरी आहे. लागण नाही."

"परत सांग."

मी परत सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "माझीचं नाव रेणुका व्हतं. लई दिवसांत घेतलं न्हाय."

त्या उन्हाळ्यातच अक्का गेल्या. मला मात्र ती दुपारच आठवत राहते. त्या दुपारी त्या रेणुकेबद्दलच बोलत होत्या, ती करडांमागं कशी धावायची, गूळ कुठं लपवून ठेवायची. मधेच मला गाडीची आठवण करून द्यायच्या आणि पुन्हा तिच्याकडंच वळायच्या. मी वेळेवर उठले, गाडी मिळाली. ती चुकली असती तर बरं झालं असतं.