मिस व्हर्नांचा एकतिसावा नियम

हिकरी ट्रेसमध्ये कुणाला दाराचा रंग बदलायचा असला, कुंपण घालायचं असलं किंवा मागच्या अंगणात शेड बांधायची असली, तर आधी मिस व्हर्ना प्रूइट यांच्याकडे अर्ज करावा लागे. अर्जाच्या दोन प्रती, नकाशा, रंगाचा नमुना आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या. उत्तर तीस दिवसांत. त्याआधी कुणी जमिनीत फावडं घातलं, की त्याच दुपारी मिस व्हर्ना टेप घेऊन दारात उभ्या.

आमची वसाहत ब्याऐंशी घरांची, टेनेसीच्या पूर्वेकडच्या एका डोंगराच्या उतारावर वसवलेली. बांधकामांना मंजुरी देणारी समिती तीन जणांची. मिस व्हर्ना अध्यक्ष, मी चिटणीस, आणि तिसरं माणूस दरवर्षी नवं, कारण त्यांच्या हाताखाली जास्त कुणी टिकत नसे. मी बारा वर्षं टिकलो. पोस्टात जन्म काढलेल्या माणसाला शिक्के आणि मुदती यांचा जाच वाटत नाही.

लोक त्यांच्या पाठीमागे हसत. "शरद ऋतूत झाडं लाल होतात ना, ती मिस व्हर्नांची सही मिळाल्यावरच," असं म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा गाडीत बसता बसता त्यांनी मला त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगितली. वडिलांनी शेजाऱ्याच्या तोंडी शब्दावर घर बांधलं होतं. मोजणी झाली तेव्हा घराचा अकरा फूट भाग दुसऱ्याच्या जमिनीत निघाला. "माणसं आली आणि त्यांनी आमची ओसरी करवतीनं कापून नेली. आई आत स्वयंपाक करत होती. मी नऊ वर्षांची होते." एवढं सांगून त्यांनी गाडी सुरू केली. पुढे त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत जमिनींच्या दस्तांची नोंद करायला लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. कागदावर नसलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

वसाहतीच्या मधून एक मोठी संरक्षक भिंत जायची. वरच्या ओळीतल्या घरांची माती तिने अडवून धरली होती आणि खालच्या ओळीतली घरं तिच्या पायथ्याशी होती. चौदा फूट उंच, करड्या ठोकळ्यांची. मधून रस्ता गेल्यामुळे तिचे दोन भाग झालेले, दक्षिणेचा आणि उत्तरेचा, आणि प्रत्येकाखाली सहा घरं. भिंतीत ठरावीक अंतरावर नळ्या बसवल्या होत्या. पाऊस पडला की त्यांतून पाणी ठिबकायचं. आमच्याकडची माती तांबडी. त्या पाण्याचे ओघळ भिंतीवर गंजासारखे दिसत आणि ते थेट मुख्य फाटकातून नजरेला पडत. वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष रँडल हाइट घरं विकण्याचा धंदा करायचा. गिऱ्हाईक गाडीतून उतरण्याआधीच भिंतीकडे बोट दाखवतं, असं त्याचं गाऱ्हाणं होतं.

मिस व्हर्नांनी त्यावर नियम तयार केला. नियम एकतीस : रस्त्यावरून दिसणाऱ्या कोणत्याही भिंतीवर डाग, ओघळ किंवा उघडी भोकं असू नयेत. अर्ज मंडळाचा, मंजुरी मिस व्हर्नांची, साक्षीदार म्हणून सही माझी. नळ्या सिमेंटने बुजवून भिंत रंगवायचं काम ओडेल गँट नावाच्या गवंड्याला दिलं. त्याने कामाला हात घालण्याआधी टोपी काढून विचारलं, "मॅडम, पाणी मग जाणार कुठून?"

"मंजूर नकाशाप्रमाणे काम करा, मिस्टर गँट," मिस व्हर्ना म्हणाल्या.

त्याने केलं. भिंत खरंच सुरेख दिसायला लागली. रँडलने त्या वर्षी नाताळात समितीला पीकन पाय हा सुकामेव्याचा गोड पदार्थ पाठवला.

अशी अकरा वर्षं गेली. मग एका फेब्रुवारीत कॉलीन मॅब्री हिचा अर्ज आला. दक्षिणेच्या भिंतीखाली सतरा नंबरच्या घरात ती नवऱ्याबरोबर राहायची. बाळ चार महिन्यांचं होतं. मागचं लाकडी कुंपण घराकडे कललंय, नवं घालायचं आहे, असा साधा अर्ज. मिस व्हर्ना मला घेऊन मोजायला गेल्या. भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये माणूस चालेल एवढी पट्टी होती. त्यांनी टेप धरला, वाकून पाहिलं, मग पुन्हा धरला.

"मूळ फाइलमध्ये बेचाळीस इंच आहे," त्या म्हणाल्या.

"मग?"

"हे एकोणचाळीस आहे."

"कुंपण सरकलं असेल."

"कुंपणाचे खांब बुडाशी जागेवर आहेत. घराच्या कोपऱ्यापासून मोजलं मी." त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. दोन दिवस ऊन पडूनही भिंत थंडगार आणि ओली होती.

पुढच्या आठवड्यात त्या रोज सकाळी जाऊन मोजत. साडेअडतीस झाले. मग सवाअडतीस. आकडे त्या मला फोनवर सांगायच्या, हवापाणी सांगावं तसे. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "मी नियम एकतीसची फाइल काढली. खाली माझी सही आहे."

"माझीही आहे."

"तुमची साक्षीदार म्हणून आहे. मंजुरी माझी."

त्यांनी स्वतःच्या खर्चाने ओडेल गँटला बोलावलं. आता तो म्हातारा झाला होता. मंजुरीशिवाय त्यांनी हिकरी ट्रेसमध्ये करवलेलं ते पहिलं आणि शेवटचं काम. ओडेलने छिन्नीने एका नळीचं सिमेंट फोडलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून तांबडा चिखल सुटला, गुडघ्याएवढ्या उंचीवरून समोरच्या कुंपणावर जाऊन आदळला, आणि थांबेचना. ओडेल मागे सरला. हत्यारं गोळा करून त्याने आधी आपला ट्रक भिंतीपासून लांब नेऊन लावला, मग परत आला.

"मी याला आता हात लावणार नाही, मॅडम. आत नुसतं पाणीच साठलंय. इथे खाली राहतं कोण?"

मिस व्हर्ना त्या संध्याकाळी मंडळापुढे गेल्या. रँडलने त्यांचं ऐकून घेतलं. तो उद्धट माणूस नव्हता, म्हणूनच त्याच्याशी भांडता यायचं नाही.

"मिस व्हर्ना, इंजिनिअर आणायचा तर ठराव हवा. ठरावाला सभा हवी. सभेला तीस दिवसांची नोटीस. हे मी सांगत नाही, तुमच्याच नियमात आहे."

"मला माहीत आहे कुणाच्या नियमात आहे."

"आणि तुम्ही उद्या हे गावभर केलंत, तर या वसाहतीतलं एक घर विकलं जाणार नाही. लोकांनी सगळी पुंजी घातलीय यात."

"रँडल, भिंत सरकतेय."

"तुमच्या टेपवर पावणेचार इंच. टेप जुना असेल." दोघं-तिघं हसले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि मंजुरीशिवाय सामाईक भिंत फोडली, त्याची नोटीस पाठवावी लागेल. अपवाद केला तर उद्या सगळेच करतील."

ती नोटीस मी टाइप केली. मीच सही केली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पेटीत मीच टाकली. मिस व्हर्नांनी ती उघडून वाचली आणि तारीख बरोबर आहे का ते पाहिलं.  त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी त्या आपल्या जुन्या कचेरीत गेल्या. तिथल्या तरुण इंजिनिअरने आकडे लिहून घेतले, त्याचा चेहरा गंभीर झाला, पण हाताखाली माणसं नव्हती. "सोमवारी सकाळी पहिलं काम हेच," तो म्हणाला. रेडिओवर मात्र शुक्रवार-शनिवारी मुसळधार पाऊस सांगत होते.

शुक्रवारी सकाळपासून पाऊस धरला. मिस व्हर्ना रेनकोट घालून निघाल्या आणि भिंतीखालच्या सहाही घरांची दारं वाजवली. मी छत्री घेऊन मागे होतो. उघडलेल्या प्रत्येक दारात त्यांनी तेच सांगितलं. "भिंत पडणार आहे. पाणी अडलंय, ते मी अडवलं. अकरा वर्षांपूर्वी मी त्यावर सही केली. आजच्या आज दुसरीकडे जा."

कॉलीनने बाळाला खांद्यावर घेत माझ्याकडे पाहिलं, जणू म्हातारीला घरी न्या म्हणत होती. "मिस व्हर्ना, तुम्हाला बरं नाहीये का? थोडा चहा घेता?"

"चहा नको, बाळा. तुझ्या मागच्या खिडकीपाशी चल."

खिडकीतून दिसलं. ओडेलने उघडलेली नळी आता वाहत नव्हती. आतून दगडगोटे येऊन तिचं तोंड बंद झालं होतं, आणि तिच्या वरचा ठोकळ्यांचा थर पोटासारखा फुगला होता.  तासाभरात कॉलीन बाळाला घेऊन बहिणीकडे गेली. संध्याकाळपर्यंत आणखी चार घरं रिकामी झाली.

उरलं एकवीस नंबर. वेंडेल क्राउस.

त्याचं आणि मिस व्हर्नांचं जुनं वैर होतं. त्याची बायको आयना चाकाच्या खुर्चीला खिळली, तेव्हा त्याने पुढच्या दाराला रॅम्पसाठी अर्ज केला. कठड्याचा रंग मंजूर यादीत नव्हता म्हणून अर्ज परत गेला. दुसऱ्यांदा शेजाऱ्याची सही राहिली होती. तिसऱ्यांदा मंजुरी मिळाली, त्याच्या आठ दिवस आधी आयना गेली. शेवटचे तीन महिने तिने घराबाहेर आकाश पाहिलं नव्हतं. तेव्हापासून वेंडेल मिस व्हर्नांच्या समोरून गेला तर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने.

शुक्रवारी त्याने दार उघडलंच नाही. शनिवारी सकाळी त्या पुन्हा गेल्या. पाऊस रात्रभर थांबला नव्हता. पट्टी तीस इंचांवर आली होती. या खेपेला त्याने दार उघडलं, पण वाटेतच उभा राहिला.

"भिंत पडणार म्हणे," तो म्हणाला. "अर्ज केला का तिने?"

"मिस्टर क्राउस, कोट घाला आणि चला."

"किती दिवसांची मुदत देताय या वेळी?"

मिस व्हर्नांनी मान खाली घातली नाही. "तुम्ही म्हणता ते खरं आहे. आयनाचे तीन महिने मी घेतले. ते मला परत देता येत नाहीत. तुमच्याकडून मला काही नको. फक्त बाहेर या."

"मी इथेच बसणार. तिची खोली मागच्या बाजूला आहे."

"ठीक," त्या म्हणाल्या आणि त्याच्या बाजूने आत शिरल्या. स्वयंपाकघरात मागच्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. ओला रेनकोटही काढला नाही. खिडकीतून भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. मी दारात उभा होतो आणि खोटं कशाला सांगू, माझे पाय आत जायला तयार नव्हते. मधूनच भिंतीकडून दगडावर दगड घासल्याचा, दात खाल्ल्यासारखा आवाज येई. वेंडेल टेबलापाशी उभा राहून त्यांच्याकडे पाहत होता. पंधरा मिनिटं गेली असतील.

"उठा," तो शेवटी म्हणाला.

"तुम्ही निघाल्यावर."

"बाई, तुमच्याबरोबर मरायची माझी तयारी नाही. लोक काय म्हणतील." त्याने आयनाचा फोटो भिंतीवरून काढून कोटाच्या आत घातला आणि पुढे झाला. दाराच्या पायऱ्यांवरून उतरताना मिस व्हर्नांचा पाय घसरला, तेव्हा त्याने त्यांचं कोपर धरलं. फाटकाबाहेर आल्यावर सोडून दिलं.

चर्चच्या हॉलमध्ये बायकांनी सूप आणि मक्याचा पाव ठेवला होता. पावणेचारच्या सुमारास आम्ही तिथे बसलो असताना जमीन पायाखाली एकदा दबल्यासारखी वाटली. आवाज त्यानंतर आला, आणि तो बराच वेळ चालू राहिला. कुणी जागचं उठलं नाही. वेंडेल चमचा धरून तसाच बसला होता.

भिंतीचा सत्तर फुटांचा तुकडा गेला होता. सतरा आणि एकोणीस नंबरच्या घरांचा मागचा निम्मा भाग तांबड्या मातीखाली होता. एकवीस नंबरचं स्वयंपाकघर राहिलंच नव्हतं. कॉलीनच्या घरात पाळण्याच्या खोलीत ठोकळे छतापर्यंत रचल्यासारखे पडले होते. माणूस एकही गेलं नाही.

चौकशी झाली. मंडळाच्या वकिलाने अतिवृष्टीकडे बोट दाखवलं, रँडलने गवंड्याकडे. ओडेलला साक्षीला बोलावलं होतं, तो टोपी मांडीवर ठेवून मागच्या बाकावर बसला होता. मिस व्हर्नांची पाळी आली तेव्हा त्यांनी फाइल उघडून समोर ठेवली. "गवंड्याने विचारलं होतं पाणी कुठून जाणार. मी उत्तर दिलं नाही. नियम माझा, मंजुरी माझी." वकिलाने त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, पण त्यांनी वाक्य पूर्ण केलं. मग मलाही नोटिशीबद्दल विचारलं. मी सांगितलं. त्यांच्यानंतर ते सांगणं फारसं कठीण नव्हतं, आणि त्याचं श्रेय मला नाही.

घर विकून मिस व्हर्ना काउंटीच्या मुख्य गावात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला गेल्या. वेंडेल मुलीकडे केंटकीला गेला. एकमेकांना त्यांनी पत्र लिहिल्याचं मी ऐकलं नाही. गेल्या मार्चमध्ये मी मिस व्हर्नांना भेटायला गेलो. त्या बऱ्याच वाळल्या होत्या. त्यांनी कॉफी ओतली.

"उत्तरेच्या भिंतीच्या नळ्या उघडल्या का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. नवीन मंडळ आलंय. दोन कंत्राटदारांचे अंदाज मागवलेत, त्यावर मतदान व्हायचंय."

"पट्टी किती आहे तिथे?"

मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"पाऊस कधी सांगितलाय?"

"गुरुवारी."

 मग त्यांनी टेलिफोन मांडीवर ओढून घेतला, चष्मा लावला, वसाहतीची फोनची यादी माझ्यापुढे सरकवली आणि मला म्हणाल्या, "भिंतीखालच्या त्या सहा घरांचे फोन नंबर वाचा."