इकेनाचा एकच भाव

आबा शहरातल्या आरिआरिया बाजारात इकेना चामड्याच्या चपला शिवायचा. तळ नुसता चिकटवून मोकळा होणाऱ्यांतला तो नव्हता. पण शेजारच्या गाळ्यात नामदीने तसल्याच चिकटवलेल्या चपला निम्म्याहून कमी भावात विकायला काढल्या आणि इकेनाचं गिऱ्हाईक आटलं. त्याने भाव उतरवला. नामदीने आणखी उतरवला. वर ओरडायचा, "या, या! शेजारी अजून विचार करतोय, तोवर माझ्याकडून घेऊन जा!"

शेवटी इकेनाची बायको न्किरूका म्हणाली, "सोमतोचे बाबा, भाव पाडून तुम्ही त्याच्यापुढे टिकणार नाही. त्याला चामडं कुठे लागतंय? तुम्ही दुप्पट करा. आणि घासाघीस बंद."

"दुप्पट? आत्ताच कोणी फिरकत नाहीये!"

"शिलाई उसवली तर कधीही आणा, फुकट शिवून देईन, असं सांगा. म्हणावं नामदीला, हे बोलून दाखव."

घाबरतच त्याने ते केलं. पहिले काही आठवडे हात रिकामे होते. मग पोर्ट हार्कोर्टचा एक वकील एक जोड घेऊन गेला आणि त्याने आपले मित्र धाडले. लोक चपला उलटसुलट करून बघायचे, भाव ऐकून दचकायचे आणि दचकले म्हणूनच घ्यायचे. चपला त्याच होत्या. आता मात्र त्यांना काचेचं कपाट मिळालं होतं.

दुकान चाललं तशी इकेनाची जीभही चालू लागली. कोणी भाव कमी करायला सांगितला की तो मान न वळवता म्हणायचा, "स्वस्त पायांसाठी शेजारचा गाळा आहे." गाळ्यातली मंडळी खदखदून हसायची. हसतात म्हणून तो रोज म्हणायचा.

त्या वर्षी नव्या कंदांच्या सणाला तो बायकोच्या माहेरी गेला. अंगणात भाऊबंद जमले होते. सासऱ्यांनी, म्हाताऱ्या ओकेरेकेंनी, पाहुण्यांना मानाने द्यायची कोलाची कडवट बी फोडून ताटली फिरवली. ती घ्यायला इकेना वाकला आणि त्याची नजर त्यांच्या पायांवर गेली. नामदीच्या चपला. ती पिवळी पट्टी त्याने अंधारातही ओळखली असती. उजव्या पायाचा तळ सुटून जिभेसारखा लोंबत होता.

दुसऱ्याही कोणाच्या ते लक्षात आलंच. एक चुलता म्हणाला, "काय हो ओकेरेके, जावई चपलांचा एवढा मोठा कारागीर, आणि तुमच्या पायात हे?"

"जावयाने दिलेल्या आत जपून ठेवल्यात," म्हातारा पटकन म्हणाला. "चिखलात कशाला खराब करायच्या?"

चिखल कुठेच नव्हता. इकेनाने त्यांना कधी चपला दिल्याही नव्हत्या.

तो उठून मागच्या चुलीपाशी गेला. न्किरूका कंद सोलत होती.

"बाबांनी त्या कुठून घेतल्या?"

तिने वर पाहिलं नाही. "आज सकाळी त्यांनीच सांगितलं. डोळे दाखवायला आब्याला आले होते. सणासाठी तुमच्याकडून एक जोड घ्यायचा, स्वतःच्या पैशाने, म्हणून गाळ्यावर आले. तुम्ही पाठमोरे होता. कोणी बाई भाव कमी करायला सांगत होती."

"मग?"

"मग तुम्ही जे रोज म्हणता तेच म्हणालात. सगळे हसले. बाबा शेजारी गेले."

"हाक का नाही मारली त्यांनी?"

"काय म्हणून मारायची?" सुरी थांबली. "भाव वाढवा हे मी सांगितलं होतं, सोमतोचे बाबा. लोकांना हिणवा असं नव्हतं सांगितलं."

त्या बाईचा चेहराही त्याला आठवेना. त्याने तो पाहिलाच नव्हता. तो पुन्हा अंगणात आला, सासऱ्यांपुढे खाली बसला आणि म्हणाला, "बाबा, पाय द्या." गावातून आरी आणि मेणाचा दोरा मागवून त्याने सगळ्यांसमोर नामदीची चप्पल शिवायला घेतली. तकलादू तळ टाक्याटाक्याला फाटत होता. कोणी थट्टा केली नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

"राहू दे रे," म्हातारा हळूच म्हणाला. "चालतात अजून."

आब्याला परतल्यावर इकेनाने भाव उतरवला नाही. त्या भावातच चामडं आणि मेहनत निघत होती. पण परवडत नाही म्हणणाऱ्याकडे तो आता वळून बघायचा आणि सांगायचा, "शेजारून घ्या, तळ सुटला तर इकडे आणा." नामदी पहिल्यांदा भांडायलाच आला. "माझा माल शिवून मला लाजवतोस?"

"तुला नाही," इकेना म्हणाला. आणि तो पुढचा टाका घालू लागला.

सासऱ्यांसाठी त्याने मऊ चामड्याचा जोड शिवून धाडला. पंधरवड्यात गावाहून गाडी आली, कंदांच्या दोन भरगच्च टोपल्या घेऊन. जोडाच्या भावाहून कंद जास्तच भरले असते. ड्रायव्हर म्हणाला, "म्हाताऱ्यांनी सांगितलंय, चपला छान बसल्या, आणि किंमत पोचली का ते कळव."

न्किरूकाने संध्याकाळी तेच कंद कुटून ताटात वाढले. इकेनाने गोळा मोडला, रश्श्यात बुडवला, आणि किती तरी वेळ तसाच हातात धरून बसला.