ठाण सोडायची वेळ

तावलीच्या पटावर चोवीस घरं असतात, लांब आणि टोकाला निमुळती. दोघींच्या पंधरा-पंधरा सोंगट्या. मी इकडून तिकडं चालते, समोरची तिकडून इकडं, म्हणजे वाटेत गाठ पडतेच. एकटी सोंगटी सापडली की ती मारायची. दोन एका घरात असल्या की कुणी मारू शकत नाही. शेवटी आपल्या सगळ्या सोंगट्या आपल्या कोपऱ्यातल्या सहा घरांत आणायच्या आणि तिथून पटाबाहेर काढायच्या. जिच्या आधी संपतील ती जिंकली. एवढं मला आठवड्यात समजलं. ठाण समजायला तीन वर्षं गेली.

हा खेळ मला अव्वांनी शिकवला. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीपासून चार गल्ल्या पुढं त्यांचं घर. त्यांना आंघोळ घालणं, भाकरी करणं, दुपारभर सोबत बसणं हे माझं काम होतं. त्यांचे मालक कुवेतला नोकरीला होते. तिथं शेजारची एक इराकी बाई रोज दुपारी तावलीची पेटी घेऊन यायची. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण अठरा वर्षं दोघी खेळल्या. मालक गेल्यावर अव्वा सोलापूरला परत आल्या. मुलगा आणि सून दिवसभर कापडाच्या दुकानात असायचे. पेटी कपाटावर पडून होती.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "तंगी, ती पेटी काढ खाली." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मला त्या हीच हाक मारायच्या.

"मला न्हाय येणार असलं काय, अव्वा."

"चौथी शिकलीस न्हवं? बारापर्यंत मोजता येतंय न्हवं? मग बस की. साहेब व्हायचंय का तुला?"

मी बसले. मला चारचौघांत बोलायला सुचत नाही. फासे टाकायचे आणि सोंगट्या सरकवायच्या, मध्ये बोलावं लागत नाही, हे मला बरं वाटलं.

ठाण म्हणजे असं. आपल्या दोन सोंगट्या समोरच्या बाईच्या आतल्या सहा घरांत एकाच घरात बसवून ठेवायच्या. तिचा रस्ता तिथून जातो. तिला आपल्या सोंगट्या घरी न्यायच्या असतात आणि आपण तिच्या दारातच बसलेलो. कधीतरी तिचे फासे असे पडतात की एखादी सोंगटी एकटी सुटते. तीच वेळ. ती मारली की तिला पुन्हा आपल्या कोपऱ्यातल्या सहा घरांतून पट सुरू करावा लागतो. त्या सहा घरांत आपण जोड्या-जोड्यांची भिंत बांधलेली असली तर ती अडकून पडते.

मला वाटायचं, यात अवघड काय? बसून राहायचं.

पण फासे पडले की चालावं लागतंच. चाल असताना थांबते म्हणता येत नाही. ठाणावरच्या दोन हलवायच्या नसतील तर बाकीच्या हलवाव्या लागतात. बाकीच्या घरी पोचल्या की मग भिंतीतल्याच काढाव्या लागतात. मी त्या काढायची. हरायची. अव्वा म्हणायच्या, "सोड की गं ते ठाण आता!" मी मान हलवायची आणि भिंतीतली सोंगटी उचलायची.

याचं कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं. जेऊरजवळच्या माझ्या माहेरी नागपंचमीला बायका कापडाच्या पटावर कवड्या टाकून सोंगट्या खेळत. एका घरातल्या दोन सोंगट्यांना तिथं जुग म्हणत. आमच्या गावची रीत होती की जुग जोडीनंच चालवायचं, फोडायचं नाही. आणि नांदत्या बाईनं तर नाहीच नाही. एखाद्या नव्या नवरीनं चुकून फोडलं की म्हाताऱ्या तिचा हात धरून सोंगटी परत ठेवायला लावत. मी तोच नियम घेऊन अव्वांच्या पटावर बसले होते. तो सगळीकडं असतो असंच मला वाटत होतं.

मीही नांदतच होते. माझा नवरा अकरा वर्षांपूर्वी भिवंडीला मागावर कामाला गेला. दोन वर्षं फोन आले. मग त्यानं तिकडं दुसरं घर केल्याचं कळलं. सासूनं मला घालवलं नाही. म्हणाली, "हितं नांदतीस तवर पुढची खोली तुझी. एकदा का भाईर पडलीस, की दीर तितं मोटारसायकल लावंल." दीर आणि जाऊ आतल्या खोल्यांत होते. पुढच्या खोलीत मी आणि माझी लेक. लेक तिथंच मोठी झाली, नर्सिंग शिकली आणि माळशिरसच्या एका दवाखान्यात लागली. तिथं तिनं खोली घेतली. मला बोलवत होती.

तिचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते, म्हणून अव्वांनीच फोन पाटाजवळ ठेवून आवाज मोठा केला.

"आई, येतीस का न्हाईस? दवाखान्यातली एक पोरगी जागा बघतीया. तिला किती दिवस थांबवू मी?"

"बघते."

"वरीस झालं बघतीच हायस. काय दिसलं का?"

मी पीठ मळत राहिले. तिनं फोन ठेवला. अव्वा हसल्या. "तोंडाची तिखट हाय पोरगी. तुझी कशी झाली?" मग विचारलं, "काय बघतेस गं?"

"खोली जाईल, अव्वा. ते परत आले तर?"

"आला तर येऊ दे. तुझ्याकडं काय उरलंय तवर?"

हा प्रश्न मला तेव्हा कळला नाही. जेवणं झाल्यावर आम्ही पट मांडला.

त्या दिवशी माझं ठाण त्यांच्या आतल्या तिसऱ्या घरात होतं, आणि माझ्या कोपऱ्यात सलग पाच घरांची भिंत होती. अव्वांच्या चार सोंगट्या अजून घरी पोचायच्या होत्या. मला पाच-पाच पडले. सारखे पडले की चार चाली मिळतात. माझं जुग दोन उड्यांत त्यांच्या दारातून सुटलं असतं. मी ते हलवलं नाही. माझ्या सहाव्या घरात चार सोंगट्या होत्या, त्या चारी उचलून पहिल्या घरात नेल्या.

"अय्यो शिवा," अव्वा म्हणाल्या.

पुढच्या तीन फाशांत पाचवं घर गेलं, चौथं गेलं. सोंगट्या पहिल्या-दुसऱ्या घरात एकीवर एक रचल्या. आणि मग अव्वांची एक सोंगटी एकटी सुटली. मला नेमका हवा तो फासा पडला. मी मारली. तीन वर्षांत इतक्या शेवटी मी पहिल्यांदाच मारली होती.

अव्वांनी फासे टाकले. पहिल्याच फाशाला त्यांची सोंगटी माझ्या रिकाम्या घरात बसली, दुसऱ्याला बाहेर गेली, आणि सरळ घरी पोचली.

"ठाण बरं होतं," त्या म्हणाल्या. "पण थांबणाऱ्या बाईकडं हलवायला दुसरं काहीतरी पायजे. ते संपायला आलं की ठाण सोडायचं. तू घर मोडून ठाण राखतीस. मग सापडलेलं धरणार कशात?"

तेव्हा मी त्यांना जुगाचं सांगितलं. त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "तीन वरसं! तीन वरसं मी सुनेला सांगतीया की ही बाई भयंकर हट्टी हाय."

त्या संध्याकाळी मी लेकीला फोन करायला हवा होता. केला नाही. रविवारी तिचाच आला, ती पोरगी सामान घेऊन राहायला आल्याचं सांगायला. मी बरं म्हणाले.

गुरुवारी कामावरून परत आले तर दारात पुरुषाच्या चपला होत्या. नवरा माझ्या कॉटवर बसला होता. सासू त्याला चहा देत होती. त्याचे केस पिकले होते, एका बाजूचे दात गेले होते.

"बरी हाईस?" तो म्हणाला.

"हाय."

"पोरगी कुटंय?"

"माळशिरसला."

"दिली का तिला तितं?"

"नोकरीला हाय. नर्स."

"आँ?" त्यानं सासूकडं बघितलं. ती म्हणाली, "व्हय, इंजेक्शन देती."

जाऊ दाराशी आली. "जिंकलात की ओ जाऊबाई. अकरा वरसं धरून बसला व्हता." ती टोमणा मारत नव्हती, खरंच तसं वाटत होतं तिला. मी पिठाचा डबा काढला. मला आनंद झाला नाही, रागही आला नाही. भाकरी थापताना त्याला किती लागतात ते आठवत नव्हतं. विचारून केल्या.

तो जेवता जेवता म्हणाला, "तिकडचं संपलं. आता हितंच ऱ्हायचं."

मागच्या दारात जाऊन लेकीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते हायत तवर मी त्या घरात पाय टाकनार न्हाई." एवढंच. ये असं ती या वेळी म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अव्वांकडं गेले. सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. तावलीत समोरचीच्या सगळ्या सोंगट्या निघेपर्यंत आपली एकही बाहेर पडली नाही, तर हार दुप्पट धरतात. अव्वा म्हणाल्या, "आता जिंकायचं बघू नको, तंगी. दुप्पट चुकव." मग म्हणाल्या, "मला दुसरी बाई मिळंल. तुझ्यासारखी हरणारी न्हाय मिळणार."

घरी येऊन दोन साड्या, कागदपत्रं आणि औषधं पिशवीत भरली. सासू म्हणाली, "आता जातीस? आता तर आलाय की तो."

"खोली त्यांनाच ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले.

नवरा उठला नाही. "किती दिवसांनी यील ही?" त्यानं सासूला विचारलं. मी किल्ली फळीवर ठेवली आणि एसटी स्टँडला चालत गेले.

माळशिरसला दुपारी पोचले. दार त्या दुसऱ्या पोरीनं उघडलं. दोन कॉट, मध्ये चार हात जागा. लेक ड्युटीचे कपडे घालूनच झोपली होती. उठून बसली. मला बघितलं, पिशवीकडं बघितलं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"आता हितंच."

ती पोरगी म्हणाली, "काकू, तुमी वर झोपा, मी खाली झोपते."

"नको, मी खालीच झोपीन," मी म्हणाले.

लेकीनं उठून आपली कॉट भिंतीला सरकवली. तेवढ्यानं वीतभर जागा वाढली. कुठं बसावं ते मला कळेना, म्हणून मोरीत त्यांची भांडी पडली होती ती घासायला घेतली.