हिंगणघाट, वर्धा आणि मायाचा बोन मॅरो रिपोर्ट

“ताई, बोन मॅरोचा रिपोर्ट येणार हाये. तू आली तं बरं होईल,” असं माझी धाकटी बहीण माया फोनवर म्हणाली आणि मी पुण्याहून निघाले. सख्ख्या बहिणीची अस्थिमज्जा, म्हणजे हाच बोन मॅरो, जुळू शकते, असं ऐकलं होतं. मी तिला माझी द्यायची, एवढंच ठरवलं होतं.

तुम्ही या बाजूला जाणार असाल, तर रेल्वेनं वर्ध्याला उतरा. स्टँडबाहेर तर्री-पोहे मिळतात. तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, बेतानं घ्या. मायासाठी गोरसपाक घेतला, वर्ध्याची ती तुपातली कडक बिस्किटं. तिथून हिंगणघाटची एसटी तासाभरात पोचते आणि बायकांना अर्धंच तिकीट असतं. पाऊस संपला होता, कपाशीची बोंडं फुटत होती. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेच्या रांगेत माया मागून माझी वेणी ओढायची, ते उगाच आठवत राहिलं.

माया दारातच उभी होती. साडीचा पदर दंडावरून सरकला आणि निळे-काळे डाग दिसले. गोरसपाक चहात पुरता भिजवून तिनं खाल्ला, कारण हिरड्यांतून रक्त येत होतं.

शेजारच्या कांताबाई वाटी घेऊन आल्या. “ताई, तुमीच सांगा इले. पपईच्या पानाचा रस घ्याले नाई म्हणते. आमच्या जावयाले डेंगू झालता, यानंच प्लेटलेट वाढल्या!”

“गल्लीतल्या साऱ्या पपया बोडक्या केल्या तुमी,” माया म्हणाली. “बकऱ्या शिव्या देऊन राह्यल्या मले.”

सगळे हसले. या दिवसांत घरोघरी डेंग्यू असतो. मायाला ताप आला, प्लेटलेट उतरल्या, तेव्हा सगळ्यांनी तेच गृहीत धरलं. रस, बकरीचं दूध, किवी, यात कितीतरी आठवडे गेले.

दुसऱ्या दिवशी सुरेशरावांनी, म्हणजे मायाच्या यजमानांनी, कापडाचं दुकान बंद ठेवलं आणि आम्हाला रिपोर्टसाठी गाडीनं वर्ध्याच्या हॉस्पिटलात नेलं. माया बाहेर बाकावर बसली, आम्ही दोघं आत गेलो.

डॉक्टरबाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून निरोगी अस्थिमज्जा दाखवली. बारीक पेशींच्या गर्दीत एक भली मोठी, वेडीवाकडी, जांभळी पेशी होती. “हिच्यापासून प्लेटलेट सुटतात. पण या पेशी सगळ्या सारख्या नसतात, असं आता कळतंय. काही प्लेटलेट बनवतात, काही रक्ताच्या मूळ पेशींना सांभाळतात, तर काही जंतू ओळखून इतर पेशींना खबर देतात.”

मग त्यांनी मायाच्या अस्थिमज्जेची काचपट्टी ठेवली. चरबीची पांढरी वर्तुळं, मध्ये तुरळक ठिपके. मी मोठी पेशी शोधत राहिले. एकही नव्हती.

“यांना डेंग्यू नव्हताच. प्लेटलेट तयारच होत नाहीयेत, पांढऱ्या पेशीही नाहीत. म्हणून रक्त थांबत नाही आणि संसर्गही आवरत नाही.”

“दुकानदार मंडळी तयार हायेत प्लेटलेट द्याले,” सुरेशराव म्हणाले.

“लागतील. पण त्या थोडेच दिवस टिकतात.”

“मग माझी अस्थिमज्जा घ्या,” मी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी माझा हात धरला. “जुळलीही असती. पण छातीत बुरशीचा संसर्ग पसरलाय. दुसऱ्याची अस्थिमज्जा देण्याआधी जी औषधं द्यावी लागतात, ती यांना सोसणार नाहीत. लवकर आल्या असत्या तर...”

सुरेशरावांनी मायाला आत बोलावलं आणि डॉक्टरबाईंनी तिलाही सगळं सांगितलं.

परतताना गाडीत शेवटी मायाच म्हणाली, “तुमी दोघं काऊन गप? आपल्या गावच्या कापड मिलसारखी माझ्यातली मिल बंद पडली, एवढंच नं? मिल बंद झाली का कामगार घरी जाते. मी कुठं जाऊ, ताई?”

मी तिचा सरकलेला पदर दंडावर ओढून दिला.

निघताना तिनं डब्यात झुणका-भाकर दिली. एसटीच्या खिडकीतून मला तिचा हात नीट धरताही आला नाही. दाबला तर डाग पडेल, अशी भीती वाटत होती.

प्रवास कसा झाला, असं विचारलंत तर सांगते: रस्ता चांगला आहे, माणसं प्रेमळ आहेत. तापाबरोबर अंगावर निळे डाग दिसले, तर मात्र रसाच्या वाटीपाशी थांबू नका.

काल इथं पुण्यात भाजी चिरताना बोट कापलं. मी नळाकडे गेले नाही, नुसती बघत उभी राहिले. थोड्या वेळात रक्त आपसूक थांबलं. मला ते सहन होईना.