शाब्लीच्या ग्लासात कालवांचा वास

मंडळी, आज आमच्या दुबईच्या हॉटेलात वाइन ट्रेनिंग होतं. फ्रेंच ट्रेनरने त्यांच्याकडच्या शाब्ली भागातली पांढरी वाइन ओतली. शार्दोने द्राक्षाची, अगदी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, धारदार. "वास कसला येतो?" त्याने विचारलं.

बाकीचे म्हणाले, ॲपल, लेमन. मी म्हटलं, "ऑयस्टर, सर! माझी आई मालवणात खडकावर कालवं फोडते ना, तसा!" सगळे खो खो हसले.

ट्रेनर हसला नाही. त्याने बॅगेतून तिथल्या मळ्यातला चुनखडीचा दगड काढला. त्यात कालवांचे शिंपलेच शिंपले! काय माती आहे राव!

लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, "मगे तां गाव दर्याकाठी आसतला."

नाही गं आई. तिथला दर्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच निघून गेला, वास तेवढा ठेवून गेला.

तुमच्याकडे गावाचा कुठला वास उरलाय?