वैजयंताबाईंच्या तेवीस रिंगा

भाईंदर पूर्वेला आमचा रबराचा गाळा आहे. कुकरच्या रिंगेपासून नळाच्या वायसरपर्यंत सगळं इथे साच्यातून निघतं, आणि साच्यातून निघालेल्या प्रत्येक नगाला कडेने पातळ फालतू रबर चिकटलेलं असतं. ते कापायचं काम बाया घरी नेऊन करतात. मी सुपरवायझर. माल मोजायचा, तपासायचा, सही करायची आणि दिवसभर तोंड चालवायचं. शेवटचं काम मला जास्त जमतं, असं बाया म्हणतात.

या बायांत वैजयंताबाई एक नंबर. मूळच्या परभणीकडच्या. नवरा कोंडिराम गेला तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, हेच काम. इंद्रलोक वसाहतीच्या मागे एका खोलीत राहायच्या. बाकीच्या बाया कड तुकड्यातुकड्याने काढतात. वैजयंताबाईंनी एकदा कात्री लावली की अख्खी कड रिंगेसारखी न तुटता बाहेर. कापलेला कचरा शनिवारी गाळ्यात परत द्यायचा असतो, तोही त्या दोऱ्यात ओवून आणायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, कचऱ्याचा हार कुणाला घालताय?" तर म्हणाल्या, "तुमालाच. सही करता करता झोपता म्हणून."

गेल्या वर्षी शेठनी लष्करी गाडीच्या सीलची ऑर्डर आणली. साठ नग, ताटाएवढे गोल. ड्रॉइंग कुणाला दाखवायचं नाही, माल कशाचा आहे ते बोलायचं नाही, असा हुकूम. तो मी तंतोतंत पाळला. पिशव्या देताना एवढंच म्हणालो, "नेहमीसारखं साफ करा." तेवीस नग वैजयंताबाईंना, बाकीचे चंपा नावाच्या दुसऱ्या बाईला. माल परत आला, मी वरवर पाहिला आणि सही ठोकली. त्यातले पाच नमुने गाडी बनवणाऱ्या कंपनीला पुढे गेले. सोमवारी ते गाडीला लावून तलावात चाचणी व्हायची होती.

शनिवारी वैजयंताबाई कचरा द्यायला आल्या. ऑर्डर पास झाल्यात जमा होती, म्हणून माझी जीभ सैल सुटली. मोबाइलवर तसल्या गाडीचा व्हिडिओ लावला. "बघा, आठ चाकं. वर तोफ, ती आत बसूनच फिरवायची. खाली सुरुंग फुटला तरी तळ असा तिरका की धडाका बाजूला जातो. दोनतीन टायर फाटले तरी पळते. मागे आठ जवान बसतात. दार पडलं की उतरून थेट लढाईत."

गाडी नदीत उतरली आणि मागच्या पंख्यांच्या जोरावर पोहत निघाली. बाईंनी विचारलं, "एवढं लोखंड. मग पाणी आत कसं येत न्हाई?"

"तळाला झाकणं असतात. त्यांना आपलं सील." मी कपाटातून कंपनीने दिलेला मूळ नमुना काढला आणि कडेच्या पातळ पट्टीवर बोट ठेवलं. "ही लिप. पाणी जेवढं दाबेल तेवढी ही घट्ट बसते. हिच्यावरच सगळं आहे."

बाईंनी ती पट्टी दोन बोटांत धरून पाहिली. मग पिशवीतून आपला हार काढून टेबलावर ठेवला. "ही का?" त्यांनी विचारलं.

हारात कापलेल्या लिपच्या तेवीस रिंगा होत्या. पातळ दिसलं की कापायचं, हे त्यांना आम्हीच शिकवलं होतं. चंपाने आळसाने कशीबशी कात्री फिरवली होती, म्हणून लिप शाबूत राहिली आणि तिचा माल बरोबर निघाला.

आम्ही खोके फोडले. बिनलिपचे बावीस नग सापडले. पुन्हा मोजले, बावीसच. तेविसावा नमुन्यांबरोबर गेला होता.

"चाचणीच तर आहे," मी म्हणालो. "पाणी आलं तर त्यांना कळेलच."

"आत माणूस असंल का न्हाई?"

"ड्रायव्हर असतो."

"मग फोन लावा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं कापलंय, तर माझं नाव सांगा. पर लावा."

लावला. तो नग बाजूला निघाला, चाचणी पुढे ढकलली. कंपनीने लेखी कारण मागितलं. शेठ मला म्हणाले, "किसी एक का नाम डाल दे, और उसको निकाल दे. ऑर्डर बच जाएगा." पिशवी मी दिली होती, ड्रॉइंग मी पाहिलं होतं, सही माझी होती. तरी मी लिहिलं: कटिंग करणाऱ्या बाईची चूक, तिचं काम बंद केलं आहे. खाली परत सही केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी स्वच्छ अक्षरात करून दाखवलं. मला तेव्हाही लाज वाटली, आजही वाटते. नोकरी मात्र आहे.

वैजयंताबाई आता खोट्या दागिन्यांचे मणी ओवतात. गेल्या महिन्यात केबिन रोडला समोरून आल्या. मी एका दुकानाची पाटी वाचायला लागलो. त्यांनीच हाक मारली, "जय भीम, भाऊ. गाडी तरली का?"

"तरली. आत थेंबसुद्धा आला नाही."

"चांगलं झालं. ते सील आता कोण कापतं?"

"चंपा."

"काय कापायचं न्हाई, ते सांगितलंय का तिला?"

"सांगितलंय."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "मलाबी कळलं असतं, भाऊ, सांगितलं असतं तर."