गजाभाऊचा वरचा थर

गजाभाऊने मला फसवलं. तीन वर्षं फसवलं, आणि ज्या युक्तीपासून सावध राहायला त्यानेच शिकवलं होतं, त्याच युक्तीने फसवलं.

अकोल्याच्या फळबाजारात तो हर्रास बोलायचा, म्हणजे सकाळचा लिलाव पुकारायचा. उलट्या क्रेटवर उभा राहून दोन्ही हात पसरायचा आणि आवाज सोडायचा. बाहेर ट्रकचे भोंगे वाजत असत. त्याचा आवाज त्यांच्यावरून जायचा. मी तेव्हा तिथे नुकतीच हातगाडी लावली होती. पहिल्याच दिवशी चकचकीत संत्री पाहून मी बोली लावली. त्याने हर्रास थांबवली.

"का बे, देवानं तुले डोळेच दिले का? हात नाही दिले? वरचा थर पाहू नोको. खाली हात घाल."

खाली लिंबाएवढी संत्री निघाली. माल आणणारा चिडला, तर गजाभाऊ त्याला म्हणतो, "भडकून काहून राहिला? गिऱ्हाईक तुया मालाले हात लावून राहिलं, तुया गालाले नाही."

त्या एका शिकवणीवर मी धंदा उभा केला. अमरावतीत दुकान टाकलं. आजही क्रेट पालथं केल्याशिवाय घेत नाही. दोन रुपयांसाठी तीनदा उठून जातो आणि तीनदा परत येतो. व्यापारी नावं ठेवतात. ठेवोत.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि फोनवर स्टेटस आलं. गजाभाऊचा पहिलाच फोटो चिखलदऱ्याचा. पंचबोल पॉइंट, जिथे मारलेली हाक दरीतून पाच वेळा परत येते. हात पसरलेले, तोंड उघडं, मागे धुकं, शेजारी वहिनी. मी त्या वेळी दुकानात सडकी संत्री वेगळी काढत बसलो होतो. मला ते फार लागलं. पुढे तर रांगच लागली. बंगल्याच्या नव्या फाटकाशी गजाभाऊ, डिसेंबरात शेतात हुरडा खाताना गजाभाऊ, आणि प्रत्येक वेळी गळ्याभोवती पुढाऱ्यासारखा पांढराशुभ्र दुपट्टा. मी फोन केला. त्याने उचलला नाही. मागून मेसेज आला, 'मजेत. तू सांग.' म्हणजे आता आम्हाला आवाजही ऐकवायचा नाही! इतका मोठा झाला माणूस!

त्या रागात मी शोभाला, माझ्या बायकोला, घेऊन चिखलदरा गाठलं. त्याच जागी तिला चार वेळा उभं केलं. वारा असा की पदर आवरेना.

"अहो, हवा खाले आणलं का फोटो काढाले? हात पसरू पसरू खांदे दुखले माये."

फोटो टाकला आणि गजाभाऊने पाहिला का, हे दर घटकेला तपासत बसलो. त्याने पाहिला आणि अंगठा पाठवला. नुसता अंगठा! त्यानंतर जेवण गोड लागेना. भरलेलं दुकान भिकार वाटू लागलं. शोभावर उगाच खेकसू लागलो. शेवटी त्याचं स्टेटसच म्यूट करून टाकलं. दोन वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात कामासाठी अकोल्याच्या बाजारात गेलो. हर्रास दुसराच कोणी बोलत होता, तोही माईकवर. गजाभाऊ कुठे म्हणून विचारलं, तर एक हमाल माझ्याकडे पाहतच राहिला.

"तुमाले मालूम नाही? कॅन्सर झालता न त्याहिले. आवाजाची पेटीच काढून टाकली. तीन वर्षं झाले."

मी तडक त्याच्या घरी गेलो. फाटक जुनंच, गंजकं. नवं फाटक शेजाऱ्याचं होतं. गजाभाऊ खाटेवर बसला होता. दुपट्टा सोडलेला, गळ्यात छिद्र, श्वास तिथूनच चाललेला. मला बसवलंसुद्धा नव्हतं वहिनींनी, तोच मी ओरडलो, "तीन वर्षं मले उल्लू बनवून राहिला तू?"

त्याने उशाची वही ओढली. 'हळू बोल. कान शाबूत आहेत माये.'

"आन चिखलदरा?"

'ऑपरेशनच्या दोन दिवस आधी गेलतो. आखरी हर्रास बोललो तेथं. पाचही बोल्या मायाच.'

तीन वर्षं मी ज्या फोटोवर जळलो, तो हा. फोटोला आवाज नसतो.

त्याने पुन्हा लिहिलं, 'तू फोन किती येळा केला?'

"एकदा."

'दोन रुपयासाठी तीनदा परत येतो तू.'

संत्र्यावरचा डाग मी दहा हातांवरून ओळखतो. तो दुपट्टा मला प्रत्येक फोटोत दिसत होता, आणि त्याखाली काय आहे हे पाहावंसं वाटलं नाही. ही चूक माझी. कबूल.

पण बाकीचं मी सोडणार नाही. थर त्याने लावला होता. आता दर गुरुवारी मी अकोल्याला जातो आणि तेच विचारतो: जगाला फसवायचं तर फसव, मला काहून? तो वही मिटतो आणि हातानेच वहिनींना चहाची खूण करतो. चहा मी पितो. चहाने हे मिटणार नाही.

गजाभाऊ, मला उत्तर पाहिजे. लेखी चालेल.